दुसऱ्याच्या हातातले मत

जून २०२२ मध्ये महाराष्ट्र विधानसभेचे दोन आमदार रुग्णवाहिकेतून मुंबईत आले. पुण्याच्या कसबा पेठेच्या मुक्ता टिळक आणि चिंचवडचे लक्ष्मण जगताप. दोघेही गंभीर आजारी होते. १० जूनला राज्यसभेसाठी आणि २० जूनला विधान परिषदेसाठी मतदान होते. लढत चुरशीची असल्याने एकेका मताला भाव आला होता. दुसऱ्या मतदानाच्या वेळी मतपत्रिका पेटीत टाकायला इतरांची मदत घेतली, असा आक्षेप काँग्रेसने नोंदवला आणि मतमोजणी काही काळ थांबली. निवडणूक आयोगाने आक्षेप फेटाळला. डिसेंबरमध्ये टिळक गेल्या आणि जानेवारीच्या सुरुवातीला जगतापही.

विधानभवनापासून मरीन लाइन्सचे बिर्ला मातुश्री सभागृह फार लांब नाही. मुंबईतल्या मोठमोठ्या कंपन्यांच्या वार्षिक सभा तिथे वर्षानुवर्षे भरत आल्या. तिथे आजारी भागधारकाला जागचे हलावेही लागत नसे. एक फॉर्म भरायचा, रेव्हेन्यू स्टॅम्प लावून सही करायची आणि सभेच्या ४८ तास आधी तो कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयात पोचवायचा. त्याच्या जागी दुसरा कोणी, म्हणजे प्रॉक्सी, जाऊन मत देई आणि ते मत तितकेच पक्के धरले जाई. एकाच शहरात हे दोन कायदे सुखाने नांदतात. एक म्हणतो, मत पाठवून दे. दुसरा म्हणतो, स्ट्रेचरवरून का होईना, स्वतः ये.

या दोन टोकांत खरे काय आहे, आणि आपण जिला थेट प्रतिनिधिशाही समजतो तिच्यात किती प्रॉक्सी दडली आहे, हे पाहण्यासारखे आहे.

मुका प्रतिनिधी

सुरुवात कंपनीपासून करू, कारण तिथले नियम स्वच्छ लिहिलेले आहेत. प्रॉक्सीचा हक्क उपजत मानला गेला नव्हता. १८८३ मध्ये इंग्लंडच्या ‘हार्बेन विरुद्ध फिलिप्स’ खटल्यात न्यायालयाने सांगितले की, मत स्वतः हजर राहून द्यायचे हाच सर्वसाधारण नियम. कंपनीच्या नियमावलीने परवानगी दिली असेल तरच प्रॉक्सी. भारतात १९५६ च्या कंपनी कायद्याने कलम १७६ मध्ये तो भागधारकाचा कायदेशीर हक्क केला. आता २०१३ च्या कायद्याचे कलम १०५ आणि एमजीटी-११ हा नमुना लागू आहे.

या प्रॉक्सीला मोजून-मापून अधिकार दिलेले आहेत. तो सभेत बसू शकतो, पण बोलू शकत नाही. हात वर करून मतदान झाले तर त्याचा हात मोजला जात नाही. रीतसर पोल झाला, म्हणजे शेअरच्या संख्येनुसार मते मोजली गेली, तरच त्याचे मत चालते. यामागचा हिशेब साधा आहे. हात मोजताना माणूस मोजला जातो आणि पोलमध्ये भांडवल. प्रॉक्सी मागे राहिलेल्या भांडवलाच्या वतीने आलेला असतो. त्याच्या स्वतःच्या मताला तिथे जागा नाही.

मालकाने मध्येच विचार बदलला तर तो नेमणूक रद्द करू शकतो. उलट, कंपनीला कळण्याआधी मालक वारला, तर कायद्याला जोडलेल्या नमुना नियमावलीनुसार प्रॉक्सीने दिलेले मत वैधच राहते. म्हणजे मृताचे मत मोजले जाऊ शकते! आमदाराच्या बाबतीत ही कल्पनाही करवत नाही. पण शेअर ही मालमत्ता आहे आणि मालमत्ता मालकाच्या मागे उरते. कंपनीतले मत त्या मालमत्तेलाच चिकटलेले असते.

२०१३ च्या कायद्याने आणि त्याखालच्या नियमांनी एक नवी मर्यादा घातली. एका माणसाला जास्तीत जास्त ५० सभासदांचा प्रॉक्सी होता येते आणि त्या सगळ्यांचे मिळून भांडवल मताधिकार असलेल्या एकूण भांडवलाच्या १० टक्क्यांपलीकडे जाता कामा नये. प्रॉक्सींचे गठ्ठे बांधणारा मध्यस्थ तयार होऊ नये, हा हेतू. आलेल्या प्रॉक्सी सभासदाला तपासता येतात, तीही तरतूद आहे. कोणी, कोणाला, किती मते दिली हे झाकलेले राहत नाही.

ऑइल सिटीतला धडा

गठ्ठा बांधण्याची ताकद किती असते हे अमेरिकेने फार आधी पाहिले. बेंजामिन ग्रॅहॅम हे नाव शेअर बाजारातल्या मराठी वाचकाला वॉरन बफे यांचे गुरू म्हणून ठाऊक असते. १९२६ मध्ये सरकारी दफ्तरात कंपन्यांचे अहवाल चाळताना त्यांना नॉर्दर्न पाइपलाइन ही कंपनी सापडली. स्टँडर्ड ऑइलच्या विभाजनातून निघालेली ही छोटी कंपनी. तिचा शेअर ६५ डॉलरला मिळत होता आणि कंपनीच्या तिजोरीत प्रत्येक शेअरमागे सुमारे ९५ डॉलरचे रोखे पडून होते. हा पैसा मालकांना वाटा, असे ग्रॅहॅम यांचे म्हणणे होते.

जानेवारी १९२७ मध्ये ते पेनसिल्व्हेनियातल्या ऑइल सिटी या आडगावी सभेला पोचले. सभेला मोजकी माणसे, तीही बहुतेक कंपनीचीच. ग्रॅहॅम यांनी निवेदन वाचायची परवानगी मागितली. अध्यक्षांनी तो रीतसर प्रस्ताव म्हणून मांडायला सांगितले आणि विचारले, अनुमोदन कोणाचे? अनुमोदन द्यायला कोणीच नव्हते. विषय संपला.

पुढच्या वर्षी ते पुन्हा गेले. मधल्या काळात त्यांनी भागधारकांच्या भेटी घेऊन प्रॉक्सी गोळा केल्या होत्या. या वेळी संचालक मंडळात त्यांच्या बाजूच्या दोन जागा आल्या आणि यथावकाश कंपनीने शेअरमागे ७० डॉलर वाटले. मुद्दा पहिल्या सभेतही बरोबरच होता. दुसऱ्या वेळी त्यामागे मते होती.

यानंतर अमेरिकेत कंपन्यांवरच्या ताब्याच्या लढाया प्रॉक्सीच्या कागदांवर लढल्या जाऊ लागल्या. १९३४ च्या रोखे विनिमय कायद्याने प्रॉक्सी मागण्याच्या व्यवहारावर सरकारी नियंत्रण आणले, कारण मते मागणाऱ्याने खरी माहिती दिली नाही तर सही करणारा आंधळेपणाने सही करतो. आज तिथे बहुतेक मते सभेच्या आधीच प्रॉक्सीने दिलेली असतात आणि सभा ही निकाल जाहीर करण्याची औपचारिकता उरते. मे २०२१ मध्ये ‘इंजिन नंबर वन’ या नवख्या फंडाने एक्सॉन मोबिल या अजस्र तेल कंपनीच्या संचालक मंडळात तीन जागा जिंकल्या. त्या फंडाकडे कंपनीचे शेअर किती होते? सुमारे ०.०२ टक्के. विजय मिळवून दिला तो ब्लॅकरॉक, व्हॅनगार्ड आणि स्टेट स्ट्रीट या महाकाय गुंतवणूक संस्थांनी. त्यांच्याकडचा पैसा होता निवृत्तिवेतनाची पुंजी साठवणाऱ्या लाखो सामान्यांचा. त्यांपैकी कोणी मतपत्रिका हातात धरलेली नव्हती.

फॉर्म गेला, प्रॉक्सी राहिली

भारतात अशा लढाया क्वचितच झाल्या. एक तर बहुतेक कंपन्यांत प्रवर्तक घराण्याचा हिस्साच मोठा. दुसरे म्हणजे, उरलेल्यातला मोठा वाटा आयुर्विमा महामंडळासारख्या सरकारी संस्थांकडे. या संस्था सभेला जातात तेव्हा कलम ११३ नुसार ठराव करून प्रतिनिधी पाठवतात. हा प्रतिनिधी प्रॉक्सीपेक्षा वेगळा. तो बोलू शकतो, हात वर करू शकतो, कारण ज्या संस्थेला शरीर नाही तिचे शरीर तोच.

या ताकदीची पहिली मोठी परीक्षा मुंबईच्या न्यायालयात झाली. ब्रिटनस्थित उद्योगपती स्वराज पॉल यांनी १९८३ मध्ये एस्कॉर्ट्स या कंपनीचे शेअर घेतले आणि कंपनीचे व्यवस्थापन विरुद्ध पॉल असा सामना पेटला. पुढच्या वर्षी आयुर्विमा महामंडळाने एस्कॉर्ट्सच्या नऊ संचालकांना काढण्यासाठी सभा बोलावण्याची मागणी केली. मुंबई उच्च न्यायालयाने एस्कॉर्ट्सच्या बाजूने निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८५ मध्ये तो फिरवला आणि सांगितले की, सरकारी महामंडळ झाले तरी भागधारक म्हणून त्याला इतर कोणाही इतकाच हक्क आहे; सभा का बोलावली याची कारणे देण्याचे बंधन नाही. पैसा विमाधारकांचा, मत महामंडळाचे आणि महामंडळावर हात सरकारचा. विमा उतरवणाऱ्याने हा अधिकार सरकारला कधी लिहून दिला होता, हा प्रश्न त्या खटल्यात पक्षकार म्हणून उभाच नव्हता.

२०१३ नंतर सूचीबद्ध कंपन्यांत ई-मतदान आले. सभेच्या आधीच काही दिवस घरबसल्या मत देता येऊ लागले. २०२० च्या टाळेबंदीत सभा दूरदृश्य पद्धतीने घेण्याची मुभा मिळाली आणि अशा सभांसाठी प्रॉक्सीची सोय बाजूला ठेवली गेली. प्रत्यक्ष जायचेच नाही तर बदली माणूस कशाला? रेव्हेन्यू स्टॅम्पचा तो फॉर्म अनेक कंपन्यांत असा निरुपयोगी झाला.

प्रॉक्सी मात्र संपली नाही. दर महिन्याला एसआयपीचे पैसे भरणाऱ्याच्या वाट्याला कंपनीचा शेअर येत नाही, फंडाचे युनिट येते. शेअरवरचे मत फंड हाऊस देते. पूर्वी हे फंड बहुधा गप्प राहत. मार्च २०१० मध्ये सेबीने मतदानाचे धोरण आणि प्रत्यक्ष दिलेली मते जाहीर करायला सांगितली. पुढे कारणेही देणे आले. १ एप्रिल २०२२ पासून प्रत्येक ठरावावर मत देणे सक्तीचे झाले. दरम्यान कोणत्या ठरावावर काय मत द्यावे हे सांगणाऱ्या सल्लागार संस्था उभ्या राहिल्या आणि २०१४ पासून त्याही सेबीच्या नियमांखाली आल्या.

परिणाम दिसू लागले. जुलै २०१४ मध्ये टाटा मोटर्सच्या भागधारकांनी तीन वरिष्ठ संचालकांच्या मानधनाचे ठराव नामंजूर केले. ते विशेष ठराव होते, त्यांना तीन चतुर्थांश मते लागत होती आणि प्रवर्तकांची मते पुरेशी नव्हती. काही महिन्यांनी ते ठराव पुन्हा मांडून मंजूर करून घ्यावे लागले. ज्या समूहाच्या शब्दाला मुंबईत कोणी सहसा हरकत घेत नसे, त्यालाही बाहेरच्या भागधारकांना पटवावे लागले.

सहकारातला ठराव

कंपनीत भांडवल मोजतात, सहकारात माणूस. म्हणून महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चे कलम २७ सांगते : एका सभासदाला एकच मत, आणि ते त्याने जातीने द्यायचे, प्रॉक्सीने नाही. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींतही हेच आहे. मुलगा अमेरिकेत, फ्लॅट त्याच्या एकट्याच्या नावावर आणि सोसायटीच्या सभेला वडील मुखत्यारपत्र घेऊन आले, की सचिव तो उपविधी दाखवतात. यावरून होणारे वाद पुण्या-ठाण्याच्या सोसायट्यांत नित्याचे आहेत.

पण याच कलमात एक खिडकी आहे. एका संस्थेने दुसऱ्या, वरच्या संस्थेचे शेअर घेतले असतील तर तिला आपल्या एका सभासदाला मत देण्यासाठी नेमता येते. गावची विविध कार्यकारी सोसायटी जिल्हा मध्यवर्ती बँकेची सभासद असते. बँकेची निवडणूक आली की सोसायटीचे संचालक मंडळ ठराव करते आणि एका नावावर शिक्कामोर्तब होते. तो झाला ठरावधारक. शेकडो शेतकऱ्यांच्या पत-कर्जाचा कारभार करणाऱ्या बँकेच्या निवडणुकीत त्या सगळ्यांच्या वतीने हा एकटा मत देतो.

ज्यांनी जिल्हा बँकेची निवडणूक जवळून पाहिली आहे त्यांना माहीत आहे की, खरी लढाई मतदानाच्या दिवशी होत नाही. ती होते ठराव कोणाच्या नावाने जातो यावर. मतदार यादी त्या ठरावांतूनच बनते, आणि एकदा यादी बनली की ठरावधारकांना सहलीला नेऊन सांभाळले जाते. कंपनी कायद्यात प्रॉक्सीला ‘या ठरावाला होय, त्याला नाही’ अशी सूचना फॉर्मवर लिहिता येते. सोसायटीच्या ठरावात नाव असते. मत कोणाला द्यायचे याचा लेखी आदेश सहसा नसतो. मतपेटी गुप्त असल्याने सोसायटीला नंतर जाब विचारायलाही वाव उरत नाही. लेखी सूचना नाही, रद्द करण्याचा सोपा मार्ग नाही, हिशेब नाही. प्रॉक्सीला मनाई करणाऱ्या कायद्याखालीच ही सर्वांत मोकळी प्रॉक्सी वाढली आहे.

हजर असणारे आणि मत देणारे

आता विधिमंडळ. भारतीय राज्यघटनेचा अनुच्छेद १०० संसदेसाठी आणि १८९ राज्यांसाठी सांगतो की, निर्णय हजर राहून मतदान करणाऱ्यांच्या बहुमताने होईल. तर्क असा : आमदाराकडे असलेले मत मुळात मतदारांनी त्याच्या हाती सोपवलेले आहे. सोपवलेली गोष्ट त्याने पुन्हा तिसऱ्याकडे सोपवायची नाही.

इंग्लंडच्या उमराव सभेत मात्र शतकानुशतके प्रॉक्सी चालत होती. पहिल्या चार्ल्सच्या काळात राजाचा लाडका ड्यूक ऑफ बकिंगहॅम डझनाहून जास्त प्रॉक्सी एकटा बाळगू लागला तेव्हा १६२६ मध्ये सभेने नियम केला की, एका उमरावाने दोनपेक्षा जास्त बाळगू नयेत. आपल्या ५० सभासदांच्या मर्यादेचा हा चारशे वर्षांपूर्वीचा पूर्वज. १८६८ मध्ये उमरावांनी ही प्रथाच थांबवली.

खालच्या सभागृहात प्रॉक्सी नव्हती. सज्जनांचे करार होते. आजारी सदस्याच्या बदल्यात विरोधी पक्षाचा एक जण मतदान करत नसे. २८ मार्च १९७९ रोजी जेम्स कॅलाहन सरकारवर अविश्वास ठराव होता. मजूर पक्षाचे सर आल्फ्रेड ब्रॉटन यॉर्कशायरमध्ये मरणासन्न होते. रुग्णवाहिकेतून संसदेच्या आवारापर्यंत आणले असते तर त्यांचे मत धरले गेले असते; पण प्रवासातच काही बरेवाईट होईल म्हणून त्यांना आणायचे नाही असे ठरले. हुजूर पक्षाचे उपप्रतोद बर्नार्ड वेदरिल यांनी त्यांच्या बदल्यात स्वतः मतदान न करण्याची तयारी दाखवली. मजूर पक्षाच्या वॉल्टर हॅरिसन यांनी वेदरिल यांचे राजकीय आयुष्य संपेल म्हणून त्यांना त्यातून मोकळे केले. सरकार ३११ विरुद्ध ३१० असे एका मताने पडले. ब्रॉटन काही दिवसांनी वारले.

आपल्याकडे १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असे पडले तेव्हा ओडिशाचे मुख्यमंत्री झालेले, पण खासदारकी न सोडलेले गिरिधर गमांग सभागृहात येऊन मत देऊन गेले. त्यावरचा वाद अजून निघतो. नियम मात्र एवढेच विचारत होता : माणूस सदस्य आहे का, आणि हजर आहे का?

ब्रिटनने शेवटी प्रॉक्सीचा रस्ता धरला तो बाळंतपणामुळे. जुलै २०१८ मध्ये नुकत्याच आई झालेल्या जो स्विन्सन यांच्याशी केलेला बदलीचा करार समोरच्या पक्षाने मोडला. जानेवारी २०१९ मध्ये ट्युलिप सिद्दीक सिझेरियन पुढे ढकलून चाकाच्या खुर्चीतून ब्रेक्झिटच्या मतदानाला आल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस नवजात बाळाच्या पालकांना प्रॉक्सी मिळाली आणि सिद्दीक यांचे मत विकी फॉक्सक्रॉफ्ट यांनी दिले. सोय माणुसकीची होती. पण कोविडच्या काळात ती सर्वांना खुली झाली आणि हुजूर पक्षाचे उपप्रतोद स्टुअर्ट अँड्र्यू एकटेच तीनशेहून अधिक मते देऊ लागले. मर्यादा नसलेली प्रॉक्सी कोणाच्या खिशात जाते हे बकिंगहॅमनंतर पुन्हा एकदा दिसले.

फ्रान्सने आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद २७ मध्ये एकालाच एक अशी कडक मर्यादा घातली होती. तरीही गैरहजर सहकाऱ्यांच्या मतयंत्राच्या किल्ल्या फिरवण्याची चाल सुरू राहिली. ती मोडायला १९९३ मध्ये सभापती फिलिप सेगँ यांना ठाम उभे राहावे लागले. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने मे २०२० ते जानेवारी २०२३ या काळात प्रॉक्सी चालवली : एका सदस्याकडे कमाल दहा, आणि प्रत्येक मतासाठी नेमकी लेखी सूचना. सही करणारा कारण म्हणून साथीचा हवाला देई आणि पुष्कळदा भलतीकडेच असे. गणपूर्तीतही प्रॉक्सी मोजली गेल्याने निम्म्याहून कमी सदस्य हजर असताना संमत झालेल्या कायद्यावर टेक्सासमध्ये खटला झाला.

पक्षादेश नावाची प्रॉक्सी

भारतात यातले काही नाही, असे वाटेल. पण राज्यघटनेला १९८५ मध्ये जोडलेल्या दहाव्या परिशिष्टाने पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत देणाऱ्याचे, किंवा न देणाऱ्याचेही, सदस्यत्व जाऊ शकते. १९९२ च्या किहोतो होलोहान निकालात सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरताना सुचवले होते की, पक्षादेश सरकार टिकण्याच्या किंवा मोठ्या धोरणाच्या प्रश्नापुरता असावा. व्यवहारात तो हवा तेव्हा निघतो. म्हणजे प्रतोद मत ठरवतो आणि सदस्य ते हजर राहून देतो. राज्यसभेच्या मतदानात तर २००३ पासून आमदाराने मतपत्रिका पेटीत टाकण्याआधी पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवायची असते. जून २०२२ मध्ये आमदार सुहास कांदे यांचे मत बाद झाले ते ती दाखवण्याच्या पद्धतीवरूनच. शरीर हजर पाहिजे हा आग्रह आपण स्ट्रेचरपर्यंत ताणला. डोके कोणाचे, हे विचारणे सोडून दिले.

कायद्याने उघड मान्य केलेली एकच प्रॉक्सी आपल्या निवडणुकांत आहे. सैन्यातल्या जवानाला २००३ पासून आपल्या मतदारसंघात राहणाऱ्या व्यक्तीला प्रॉक्सी नेमता येते. त्याचे मत देताना त्या व्यक्तीच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाला शाई लागते. तर्जनी तिच्या स्वतःच्या मतासाठी मोकळी राहते. परदेशस्थ भारतीयांना हाच हक्क देणारे विधेयक ऑगस्ट २०१८ मध्ये लोकसभेत संमत झाले आणि २०१९ मध्ये लोकसभेबरोबर व्यपगत झाले. घरच्यांच्या दबावाखाली किंवा पैशांच्या मोबदल्यात मते जातील ही भीती तेव्हा बोलून दाखवली गेली. ती रास्तच होती.

या सगळ्यातून एक गोष्ट वर येते. लिहिलेल्या प्रॉक्सीला संख्येची मर्यादा असते, मुदत असते, ती रद्द करता येते, तपासता येते. न लिहिलेल्या प्रॉक्सीला यातले काहीच नसते. ठरावधारक, प्रतोद, महामंडळावरचा सरकारी हात या दुसऱ्या जातीच्या आहेत. म्हणून प्रश्न प्रॉक्सी हवी की नको हा नाही. कुठल्याही मोठ्या समूहात दुसऱ्यासाठी मत देणारे हात असणारच. ते हात दिसतात का, हा प्रश्न आहे.

या कसोटीवर आज बाजार सभागृहाच्या पुढे आहे. माझ्या फंडाने कोणत्या ठरावावर काय मत दिले आणि का, हे मला त्याच्या संकेतस्थळावर तिमाहीला वाचता येते. माझ्या आमदाराने एखाद्या विधेयकावर काय मत दिले, हे बहुतेक वेळा सापडत नाही, कारण विधेयके आवाजी मतदानाने संमत होतात आणि ‘होय’च्या गजरात नावे नोंदली जात नाहीत. २० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत कृषी विधेयकांवर मतविभाजन मागितले गेले. सदस्य जागेवर नाहीत म्हणून ते नाकारले गेले आणि ती विधेयके आवाजावर संमत झाली. आमदार-खासदार हा आपण पाच वर्षांसाठी नेमलेला प्रॉक्सी आहे. प्रत्येक विधेयकावर नावानिशी मतनोंद सक्तीची करायला घटनादुरुस्ती लागत नाही, सभागृहांचे कामकाजाचे नियम बदलले तरी पुरते. भागधारकाला जेवढा हिशेब मिळतो तेवढा मतदाराने मागितला, तर तो अवाजवी म्हणता येणार नाही.